सुशी सगळ्यांना माहीत, आबुराकासु कुणाला?

'एशियन फूड फेस्टिव्हल' हा प्रकार आता पुण्या-मुंबईला नवा राहिलेला नाही. कागदी कंदील लावायचे, सुशी, रामेन, किमची मांडायची आणि वर 'आशियाच्या हजारो वर्षांच्या संस्कृतीचा उत्सव' असा फलक टांगायचा. कोरियन मालिकांमुळे आपली पोरेपोरीही हौसेने जातात, फोटो टाकतात. त्यात मला काही गैर वाटत नाही. ज्यांच्या आजोबांना हॉटेलाबाहेर वेगळ्या कपात चहा मिळत होता, त्यांची नातवंडे चॉपस्टिकने नूडल्स खातात, याचा मला आनंदच आहे.

पण संस्कृती म्हटले की आंबेडकरी माणसाने एक प्रश्न विचारलाच पाहिजे. या ताटातले जनावर कुणी कापले, कातडे कुणी सोलले, आणि तो माणूस याच ताटाला बसू शकत होता का? हा प्रश्न आपण भारताला विचारतो, जपान-कोरियाला विचारत नाही. तिकडे जात नाही असे आपण गृहीत धरलेले असते. शिवाय जपान म्हणजे बुद्धाचा देश, त्यामुळे आपला हात जरा आखडतो.

तर आधी जपान. इ.स. ६७५ मध्ये सम्राट तेन्मुने फर्मान काढले. गाय-बैल, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी यांचे मांस खायचे नाही. सगळीकडे ही गोष्ट 'बौद्ध करुणेमुळे जपान शाकाहारी झाला' अशी सांगितली जाते. फर्मान नीट पाहिले तर दोन गोष्टी दिसतात. बंदी वर्षभराची नव्हती, चौथ्या महिन्यापासून नवव्या महिन्यापर्यंतची होती, म्हणजे नेमकी शेतीच्या हंगामाची. आणि लोक जी जनावरे सर्वांत जास्त मारून खात, ते हरीण आणि रानडुक्कर, यादीत नव्हतीच. करुणा अशी महिने मोजून येत नाही. राज्याला नांगराची आणि ओझ्याची जनावरे हवी होती, भातशेतीचा कर हवा होता. अहिंसेचे बोल त्या गरजेवर चढवलेले वस्त्र होते. बाबासाहेबांनी गोहत्याबंदीमागची ब्राह्मणी गणिते उकलून दाखवली, ती ज्याने वाचली आहेत त्याला हे समजायला वेळ लागत नाही.

बंदीवर बंदी येत गेली आणि मांस हळूहळू 'अपवित्र' ठरले. पण सामुराईला चिलखत लागत होते, घोड्याला खोगीर लागत होते, देवळाला ढोल लागत होता. हे सगळे कातड्याचे. मग कातडे कुणी काढायचे? तोकुगावा राजवटीत, म्हणजे १७ व्या शतकापासून, या लोकांना 'एता' म्हणून गावाबाहेरच्या वस्त्यांत कायमचे कोंबले गेले. एता हा शब्द ज्या दोन अक्षरांनी लिहीत, त्यांचा अर्थ 'खूप घाण' असा होतो. मेलेले बैल-घोडे उचलणे हे त्यांचे बंधनही होते आणि हक्कही. कुठल्या वस्तीने कुठल्या गावांची मढी ओढायची, याच्या हद्दी ठरलेल्या होत्या. महारकी ज्यांना आठवते त्यांना आणखी सांगायला नको.

आणि वरचे लोक मांस खात नव्हते असे समजू नका. हिकोने संस्थानातून मिसोत मुरवलेले गोमांस शोगुनाला नजराणा म्हणून जात असे, 'औषध' या नावाखाली. शोगुनाने खाल्ले की औषध आणि एताने खाल्ले की विटाळ.

बुद्धाचे नाव यात कसे वापरले गेले, हे आपण बौद्धांनी तर डोळे उघडे ठेवून बघायला हवे. खुद्द बुद्धाने भिक्खूंना मांस सरसकट वर्ज्य केले नव्हते. आपल्यासाठी मारलेले पाहिले, ऐकले वा तशी शंका आली तर घेऊ नये, एवढाच दंडक होता. जपानी देवळांनी मात्र एतांच्या थडग्यांवर मरणोत्तर नावे देताना 'पशू', 'नीच' अशा अर्थांची अक्षरे कोरली. माणूस मेल्यावरही जात सुटू नये अशी व्यवस्था, आणि तीही धम्माच्या नावाने. १९७९ मध्ये एका जागतिक धर्मपरिषदेत सोतो झेन पंथाच्या प्रमुख प्रतिनिधीने जपानमध्ये असा भेदभाव नाहीच, असे ठोकून सांगितले. चळवळीने जाब विचारला, तेव्हा पंथाला माफी मागावी लागली आणि थडग्यांवरची नावे तपासावी लागली. 'बौद्ध देशात जात नसते' असे भाषणात म्हणणाऱ्या आपल्या वक्त्यांनी हे एकदा वाचावे.

आता गोष्टीला वळण येते. १८७१ मध्ये मेइजी सरकारने एता हा दर्जा कायद्याने रद्द केला. पुढच्याच वर्षी, १८७२ च्या जानेवारीत, सम्राटाने गोमांस खाल्ल्याचे जाहीर झाले. पाश्चात्त्यांसारखे बलवान व्हायचे तर मांस खाल्ले पाहिजे, असे विचारवंत लिहू लागले. तोक्योत ग्युनाबेची, म्हणजे कढईत शिजवलेल्या गोमांसाची, दुकाने निघाली. त्यातूनच पुढे सुकियाकी रुळली. बाराशे वर्षांचा विटाळ एका पिढीत आधुनिकतेचे लक्षण झाला.

मग ज्यांनी शतकानुशतके हे काम केले त्यांना याचा लाभ झाला का? उलट झाले. १८७१ मध्येच मेलेली जनावरे उचलण्याचा त्यांचा जुना हक्क काढून घेतला गेला. कातड्याच्या आणि मांसाच्या धंद्यात बाहेरचे भांडवल शिरले. हाती राहिला फक्त कलंक. तोही मुकाट्याने नाही. १८७३ मध्ये मिमासाका भागात बंड करून उठलेल्या शेतकऱ्यांनी 'हे आता आपल्या बरोबरीचे झाले' या रागाने त्यांच्या वस्त्या जाळल्या, माणसे मारली. या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा: अन्नाला प्रतिष्ठा मिळाली म्हणून ते राबवणाऱ्या माणसाला मिळत नाही. बहुतेक वेळा अन्न वर जाताना माणसाला खाली सोडून जाते.

या वस्त्यांना पुढे 'बुराकु' म्हटले जाऊ लागले. तिथल्या चुलींवर काय शिजत होते? चांगले मांस बाजारात जायचे, आतडी वस्तीत उरायची. ती त्यांच्याच चरबीत मंद आचेवर तळत राहायची. चरबी विकायला काढून घेतली की मागे कुरकुरीत, तपकिरी तुकडे उरतात. हे आबुराकासु, म्हणजे तेलाचा चोथा. भाजीत, रश्शात दोन तुकडे टाकले की अख्ख्या भांड्याला चव येते. दुसरा पदार्थ साइबोशी. घोड्याचे किंवा गाईचे मांस मीठ लावून वाळवायचे, धुरी द्यायची आणि पुरवून पुरवून खायचे. ओसाकाजवळच्या अशाच वस्तीत वाढलेले पत्रकार उएहारा योशिहिरो यांनी २००५ मध्ये भेदभाव सोसलेल्या जगभरच्या समाजांच्या अन्नावर पुस्तक लिहिले. अमेरिकेतल्या काळ्यांच्या 'सोल फूड'शी आपल्या घरच्या चुलीचे नाते त्यांना दिसले.

आपल्याला अमेरिकेपर्यंत जायचीही गरज नाही. साइबोशी म्हणजे आपल्या चान्या. मांसाच्या लांब पट्ट्या कापायच्या, मीठ लावून दोरीवर उन्हात वाळवायच्या आणि पावसाळ्यात हाताला काम नसते तेव्हा काढायच्या. वजडी आहे, रक्ती आहे. शाहू पाटोळे यांनी २०१५ मध्ये 'अन्न हे अपूर्णब्रह्म' लिहून मराठवाड्यातल्या महार-मांगांची ही चूल पहिल्यांदा मराठी पुस्तकात मांडली. २०२४ मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर आले, तेव्हा कुठे इंग्रजी वर्तमानपत्रांना तिचा शोध लागला! दोन देश, हजारो मैलांचे अंतर आणि चूल जवळपास एकच. आशियाई संस्कृती, आशियाई संस्कृती म्हणतात ती मला तरी इथे सापडते.

कोरियाची कथा थोडक्यात सांगतो, कारण तिच्यातली एक गोष्ट फार मोलाची आहे. तिथे खाटकाचे काम करणाऱ्यांना बेकजोंग म्हणत. इतर पुरुषांसारखी टोपी त्यांना घालता येत नसे. १८९४ च्या सुधारणांनी हा दर्जा कागदावर संपला. पण १९०९ मध्ये जिंजू शहरात बेकजोंगांना चर्चमध्ये सोबत बसवताच इतर ख्रिस्ती उठून गेले. त्याच जिंजूत एप्रिल १९२३ मध्ये ह्योंगप्योंगसा ही संघटना उभी राहिली. नावाचा अर्थ तराजू समतोल ठेवणाऱ्यांची संघटना. तराजू कुठला? खाटकाच्या दुकानातला, मांस तोलायचा. ज्या हत्यारावरून हिणवले, त्याचेच समतेचे चिन्ह केले.

यावर विरोधकांनी काय केले असेल? बेकजोंगांकडून मांस विकत घ्यायचे नाही, असा बहिष्कार पुकारला. मांस सोडू, पण खाटीक बरोबरीने बसलेला चालणार नाही. चवदार तळ्यानंतर आपल्या माणसांवर जे बहिष्कार पडले, त्यांची भाषा कोरियन लोकांना चार वर्षे आधीच पाठ होती.

वर्षे जरा शेजारी ठेवून बघा. मार्च १९२२, क्योतोत बुराकु लोकांची सुइहेइशा, म्हणजे पाण्याच्या पातळीसारखी समानता मागणारी संघटना. १९२३, ह्योंगप्योंगसा. १९२४, मुंबईत बहिष्कृत हितकारिणी सभा. १९२७, महाड. जपानी आणि कोरियन संघटनांचा आपसात पत्रव्यवहार होता, एकीचे ठराव होते. कोरिया तेव्हा जपानची वसाहत होती, तरीही. राज्यकर्त्या देशातला अस्पृश्य आणि गुलाम देशातला अस्पृश्य एकमेकांना ओळखत होते. त्या कागदपत्रांची नोंद २०१६ मध्ये युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक स्मृतिसूचीत झाली. त्याआधी २०१३ मध्ये युनेस्कोने जपानची पारंपरिक पाककला आणि कोरियाची किमची घालण्याची सामूहिक प्रथा 'मानवतेचा वारसा' म्हणून गौरवली होती. ते साऱ्या जगाने ऐकले. तराजूवाल्यांची नोंद मात्र फारशी कुणाला माहीत नाही.

आज ओसाकात कासु-उदोन, म्हणजे आबुराकासु घातलेल्या जाड नूडल्सचा रस्सा, दुकानांत मजेत खाल्ला जातो. भाजलेली आतडी जपान-कोरियात तरुणांचा आवडता बेत आहे, सोबत बिअर किंवा सोजू. तांदळाची माकगोली, एकेकाळची कष्टकऱ्यांची दारू, २०२१ पासून कोरियाचा राष्ट्रीय वारसा आहे. आणि माणसे? १९७५ मध्ये उघडकीस आले की बुराकु वस्त्यांच्या पत्त्यांची यादी छापून कंपन्यांना गुपचूप विकली जात होती, नोकरीला आलेल्याची 'जात' तपासता यावी म्हणून. तोक्योच्या शिबाउरा मांसबाजारातल्या कामगारांना येणारी शिवीगाळीची पत्रे तिथल्याच माहितीदालनात मांडून ठेवली आहेत. भेदभाव अजून आहे, हे मान्य करणारा कायदा जपानने डिसेंबर २०१६ मध्ये केला.

आता आपल्याकडे येऊ. इथे कुणीतरी म्हणेल, बाबासाहेबांनी तर महाडला मांस सोडायला सांगितले, तुम्ही चान्यांचे गोडवे काय गाता? बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडायला सांगितले. ते मांस गावकीच्या गुलामीची मजुरी होती, म्हणून. गोमांस खाणारा मुळातच हीन, हे ब्राह्मणी माप त्यांनी कधीच मान्य केले नाही. उलट १९४८ च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात ब्राह्मणच एकेकाळी मोठे गोमांसभक्षक होते, हे त्यांच्याच ग्रंथांच्या आधाराने दाखवले. मढे ओढायचे नाकारणे ही एक गोष्ट आणि आपल्या आजीच्या चुलीची लाज वाटणे ही वेगळी. आपण पहिलीच्या नावाखाली दुसरी करून बसलो आहोत. जयंतीच्या मंडपातले जेवण आठवा. पुरी, भाजी, बुंदी. कुणी सक्ती केली होती?

आणि ही लाज ज्यांच्या सोयीची आहे ते गप्प बसलेले नाहीत. २०१५ च्या कायद्याने महाराष्ट्रात बैल-वळूच्या कत्तलीवरही बंदी आली. मे २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बाहेरच्या राज्यातून आणलेले गोमांस बाळगणे गुन्हा ठरवणारे कलम रद्द केले, कत्तलबंदी मात्र कायम राहिली. त्याच वर्षी जुलैत गुजरातेत उना इथे मेलेली गाय सोलणाऱ्या आपल्या भावांना भर रस्त्यात फोडून काढले. तेव्हा सुरेंद्रनगरच्या दलितांनी मेलेली जनावरे गाड्यांत भरून कलेक्टर कचेरीसमोर आणून टाकली. १९२७ चे महाड ज्यांना समजले होते त्यांनीच ते केले.

गोमांस खा किंवा खाऊ नका, हा माझा मुद्दा नाही. हवे तर सुशी खा, माकगोली प्या. पण मराठवाड्यातल्या कितीतरी घरांत पाहुणा दिसला की चान्यांची दोरी आत घेतली जायची. पट्टी किती जाड कापायची, मीठ किती, ऊन किती दिवस, दमट हवेत अळी लागू नये म्हणून काय करायचे, हे सांगू शकणाऱ्या बायका आता सत्तरीपलीकडे आहेत. गावी जाल तेव्हा वही घेऊन त्यांच्यापाशी बसा, आणि पाककृतीबरोबर हेही विचारा की दोरी आत घ्यायला कुणी सांगितले होते.