सावलीतले सेलेनियम

परभणीच्या मे महिन्यातल्या उन्हापुढे घरातल्या उजेडावर वीज करण्याची गोष्ट चेष्टेचीच वाटेल. पण आमच्याकडची जुनी माळवदाची घरे पाहा: जाड भिंती, उजेडाला एखादा झरोका. माणूस उन्हापासून पळून आतच बसतो. बाहेर भर दुपारी लाखभर लक्स प्रकाश, तर ट्यूबलाइटच्या खोलीत तीनशे ते पाचशे. भिंतीवरचे घड्याळ किंवा गोदामातले ओलावा मोजणारे यंत्र याच तुटपुंज्या उजेडात असते आणि सेल संपला की बंद पडते.

अशा उपकरणांसाठी नवा पदार्थ शोधणारे संशोधक फिरून १८८३ सालापाशी आले. त्या वर्षी न्यूयॉर्कच्या चार्ल्स फ्रिट्सने सेलेनियमच्या थरावर सोन्याचा वर्ख चढवून सौरघट केला. उन्हातली जेमतेम एक टक्का ऊर्जा त्यातून विजेत उतरे. १९५४मध्ये बेल प्रयोगशाळेचा सिलिकॉन घट सहा टक्क्यांवर गेला आणि सेलेनियम मागे पडले. उरले ते छायाचित्रकारांच्या प्रकाशमापकात. तिथे त्याच्यावर काटा हलायचा, तोही बॅटरीशिवाय! घरातल्या उजेडाचे काम ते तेव्हाच करत होते. पण घट जोखायचा तो उन्हातच, हा दंडक पक्का बसला होता.

उन्हाचा मोठा वाटा डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांचा असतो. सिलिकॉन त्यातलाही काही भाग वापरते. एलईडीच्या उजेडात हे किरण जवळजवळ नसतातच. तिथे सुमारे १.९ इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जापट्ट्याचा पदार्थ जुळतो, आणि सेलेनियम नेमके तिथे बसते. २०२२मध्ये चिनी संशोधकांनी हजार लक्सच्या उजेडात सेलेनियम घटाची कार्यक्षमता १५.१ टक्के नोंदवली. शिवाय ते सुमारे २२० अंशांवर वितळते. सिलिकॉनला १,४१४ अंश लागतात.

आता आपल्याकडे वळू. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात सी. डी. लोखंडे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी सल्फाइड-सेलेनाइडचे पातळ थर रासायनिक स्नानाने बसवले: कोमट द्रावण, त्यात बुडवलेली काचपट्टी, महागडी निर्वात यंत्रे नाहीत. २०००मध्ये राजाराम माने आणि लोखंडे यांचा या पद्धतीवरचा आढावालेख आला आणि तो जगभर वापरला गेला. माने पुढे नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात आले. परभणीची महाविद्यालये याच विद्यापीठाला जोडलेली आहेत. या कामाला ‘गरिबाची पद्धत’ म्हणून नाक मुरडणे मला अन्यायाचे वाटते. मात्र कॅडमियमचे थर विषारी, आणि खोलीतल्या उजेडात उत्तम चालणाऱ्या पेरोव्स्काइटमध्ये बहुधा शिसे असते. स्वयंपाकघरात टांगायच्या वस्तूत शिसे कोण घालू देईल? सेलेनियमच्या घटात शिसेही नाही आणि कॅडमियम टाळता येते. काचपट्टीवरचा थर ट्यूबलाइटखाली मोजायला तर साधा लक्समापक आणि मल्टिमीटर पुरतो.