करडईच्या दाण्यातील तेलकण

परभणी जिल्ह्याच्या काळ्या जमिनीत रब्बी हंगामात घेतल्या जाणाऱ्या करडईच्या दाण्यात वजनाच्या सुमारे ३० टक्के तेल असते. येथील कृषी विद्यापीठाने (स्थापना १९७२) या पिकाचा ‘परभणी कुसुम’ हा वाण प्रसारित केला.

हे तेल दाण्यात मोकळे साठलेले नसते. पेशींमध्ये ते अतिसूक्ष्म कणांच्या रूपाने असते. कणाचा व्यास साधारणतः मिलिमीटरचा हजारावा भाग. कणाभोवती फॉस्फोलिपिडांचा एकपदरी थर असून त्यात ओलिओसिन नावाची प्रथिने रोवलेली असतात. पेशीतील इतर बहुतेक पटले दुपदरी असतात. त्यातून आरपार जाणाऱ्या प्रथिनाला एकपदरी थरावर टिकाव धरता येत नाही. मग ओलिओसिन तेथे पोहोचते कसे?

रायबोसोमवर तयार होत असतानाच हे प्रथिन आंतर्द्रव्यजालिकेच्या पटलात ओवले जाते. त्याच्या मध्यभागी सुमारे ७२ अमिनो आम्लांचा, पाण्याला दूर सारणारा पट्टा असतो. हा पट्टा पटल ओलांडत नाही; केसांच्या आकड्याप्रमाणे आतच दुमडतो आणि प्रथिनाची दोन्ही टोके पेशीद्रवाच्या बाजूला राहतात. जालिकेच्या दोन पदरांमध्ये तेल साचून फुगवटा आला, की ओलिओसिन सरकत त्यावर जाते. दुमडीच्या जागी तीन प्रोलीन असतात. ती बदलल्यास प्रथिन जालिकेत शिरते, पण तेलकणापर्यंत पोहोचत नाही, असे कॅनडातील मॉरिस मोलोनी व सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये दाखविले. मानवी पेशीतील पेरिलिपिन गटातील काही प्रथिनांचा मार्ग निराळा आहे. ती पेशीद्रवात तयार होऊन थेट कणाला चिकटतात.

दाणा वाळतो तेव्हा ओलिओसिनच्या आवरणामुळे कण एकमेकांत मिसळत नाहीत. पेरणीनंतर याच लहान कणांतील तेल विकरे झपाट्याने फोडतात आणि कोंबाला ऊर्जा मिळते. प्रयोगशाळेतील अराबिडॉप्सिस या रोपात ओलिओसिन कमी केले असता कण मोठे झाले व उगवण मंदावली.

मोलोनी यांनी स्थापन केलेल्या कॅलगरीतील सेंबायोसिस कंपनीने हीच वाट औषधनिर्मितीसाठी वापरली आणि त्यासाठी करडईचीच निवड केली. हवे ते प्रथिन ओलिओसिनला जोडले, की ते आपोआप तेलकणावर जाते. दाणे पाण्यात वाटल्यावर कण सायीसारखे वर तरंगतात आणि प्रथिन वेगळे करणे सोपे होते. करडईत मानवी इन्सुलिन तयार केल्याचे कंपनीने २००६ मध्ये जाहीर केले. मात्र ते बाजारात येण्यापूर्वीच, २०१२ मध्ये, कंपनी बंद पडली.