आकडा मोजण्याआधी व्याख्या वाचा

परवा एका ज्युनिअरने विचारलं, "विषय ठरलाय, आता थेट आकडे गोळा करायला लागू का?" त्याला मी अमेरिकेतल्या 'अ‍ॅसॉल्ट वेपन' या शब्दाची गोष्ट सांगितली. तीच इथे लिहितोय.

1989 च्या जानेवारीत कॅलिफोर्नियातल्या स्टॉकटन इथे शाळेच्या मैदानावर गोळीबार झाला. 5 मुलं मेली. त्याच वर्षी त्या राज्याने अशा बंदुकांवर कायदा केला आणि 1994 मध्ये देशभर 10 वर्षांसाठी बंदी आली. आता प्रश्न असा, की बंदी नेमकी कशावर? मशीनगनवर नव्हे, तिच्यावर 1934 पासूनच वेगळा कायदा आहे. ही बंदी अर्धस्वयंचलित बंदुकांवर होती, म्हणजे चाप एकदा ओढला की एकच गोळी. कायद्याने 19 मॉडेल्स नावानिशी घेतली. शिवाय मॅगझिन काढता येणाऱ्या रायफलीला घडीचा दस्ता, पिस्तुलासारखी मूठ, संगीन लावायची सोय अशा यादीतल्या दोन गोष्टी असल्या, की ती 'अ‍ॅसॉल्ट वेपन'.

बंदूकमालकाचा आक्षेप इथेच आहे. तो म्हणतो, संगिनीची सोय काढली की तीच रायफल कायदेशीर होते, गोळी तर तीच राहते! मग बंदी धोक्यावर की दिसण्यावर? पुढे कॅलिफोर्नियाने 1999 मध्ये दोनऐवजी एकच गोष्ट पुरेशी मानली. त्याला भीती वाटते ती याचीच. व्याख्या अशी ताणत गेली तर दुसऱ्या घटनादुरुस्तीने दिलेल्या हक्कातलं उरणार काय?

हा युक्तिवाद हसण्यावारी नेऊ नका. पण तो पूर्णही मानू नका. त्याच कायद्यात 10 पेक्षा जास्त गोळ्यांच्या नव्या मॅगझिनवरही बंदी होती, आणि तिचा दिसण्याशी काही संबंध नव्हता. शिवाय 'हा शब्द विरोधकांनी बनवला' असं बंदूकमालक सांगतात, पण 1986 मध्ये बंदूकशौकिनांसाठीच निघालेल्या एका पुस्तकाच्या नावात तो छापलेला आहे. म्हणजे दोन्ही बाजूंनी हा शब्द आपापल्या सोयीने वापरलाय.

याचा संशोधनावर काय परिणाम होतो? 2004 मध्ये ख्रिस्तोफर कोपर यांनी बंदीचा अभ्यास मांडला. बंदीपूर्वी बंदुकीच्या गुन्ह्यांत या शस्त्रांचा वाटा बहुतेक अभ्यासांत 2 टक्क्यांच्या आसपास, तर काहींत 8 टक्क्यांपर्यंत निघत होता. यामागे एक कारण असं, की प्रत्येकाची व्याख्या आणि माहितीचा स्रोत वेगळा होता. दोन अभ्यासांतले आकडे शेजारी ठेवून 'वाढ झाली' असं लिहिलं असतं, तर ती वाढ कदाचित फक्त शब्दाची निघाली असती.

म्हणून ज्युनिअरला इतकंच सांगितलं: वहीत आकडा उतरवताना शेजारी त्याची व्याख्या लिही, आणि ती कोणी, कोणत्या साली, कशासाठी केली तेही लिही. वादातला शब्द जसाच्या तसा उचललास, तर नकळत तू एका बाजूचा वकील होशील.