दिनविशेष : १ जून
१९९३ : नगरपालिकांना घटनेचा आधार

भोगावतीकाठचे पेण आणि कुंडलिकाकाठचे रोहा-अष्टमी या दोन्ही नगरपरिषदांचा कारभार राज्याच्या १९६५च्या नगरपरिषद अधिनियमानुसार चालतो. मात्र त्यांच्या निवडणुका वेळेवर घेण्याचे घटनात्मक बंधन आले ते १ जून १९९३ रोजी, ७४वी घटनादुरुस्ती अमलात आली तेव्हा. १९८९मध्ये असाच प्रयत्न राज्यसभेत फसला होता.

या दुरुस्तीने पाच वर्षांची मुदत, बरखास्तीनंतर सहा महिन्यांत निवडणूक, राज्य निवडणूक आयोगाची देखरेख आणि महिलांसाठी किमान एकतृतीयांश जागा ठरवून दिल्या. बाराव्या अनुसूचीत पाणीपुरवठ्यापासून स्मशानभूमीपर्यंत १८ विषय आले. महाराष्ट्राने २०११मध्ये महिलांचे आरक्षण निम्म्यावर नेले. नगराध्यक्ष थेट जनतेने निवडायचा की नगरसेवकांनी, याचा नियम मात्र २००६, २०१६, २०२० आणि २०२२ असा वारंवार बदलला.

तरीही अलीकडे राज्यातल्या बहुतेक नगरपरिषदांवर मुदत संपल्यानंतर कित्येक वर्षे प्रशासक होते. निवडणुका झाल्या त्या २०२५च्या अखेरीस. नळाचे पाणी, गटार, कचरा यांचा जाब विचारायला वॉर्डाला हक्काचा नगरसेवक हवाच. वेळेवर निवडणूक हा नागरिकांचा अधिकार आहे आणि तो जपायलाच हवा.