सैनिकजीवन, अमेरिकन यादवी युद्धातील (१८६१–१८६५)

गुलामगिरीच्या प्रश्नावरून फुटून निघालेली दक्षिणेकडील राज्ये आणि अमेरिकेचे संघराज्य यांच्यामध्ये १२ एप्रिल १८६१ रोजी सम्टर किल्ल्यावरील भडिमाराने जे युद्ध पेटले आणि ९ एप्रिल १८६५ रोजी ॲपोमॅटॉक्स येथे दक्षिणेचा सेनापती ली शरण आल्यावर ज्याचा निकाल लागला, त्यात उत्तरेच्या फौजेत वीस लाखांवर व दक्षिणेच्या फौजेत आठ-नऊ लाख माणसे दाखल झाली होती. लष्करी पेशाचे लोक त्यांत थोडे; शेतकरी, कारागीर, कारकून, शाळामास्तर आणि विशीच्या आसपासची पोरे यांचीच ही नवशिकी सेना होती. परंपरागत गणनेप्रमाणे यांपैकी सुमारे ६,२०,००० मरण पावले आणि त्यांतील जवळजवळ दोन-तृतीयांश लोकांचा बळी रोगराईने घेतला. म्हणून या सैनिकाची ओळख करून घ्यावयाची तर रणांगणाइतकेच छावणीकडे, आणि छावणीतून घरी जाणाऱ्या टपालाकडे, लक्ष पुरवावे लागते.

पहाटेचा बिगुल, हजेरी, न्याहारी आणि मग दिवसातून अनेक वेळा कवायत, हा तळावरचा नित्यक्रम असे. मधल्या वेळात लाकडे फोडणे, पाणी भरणे, चर खणणे आणि पहारा देणे ही कामे ठरलेली असत. रात्री दिवे मालवण्याच्या ज्या बिगुलाचे सूर अमेरिकेत सैनिकाच्या दफनविधीतही वाजवले जातात, त्याला आजचे रूप जनरल डॅनियल बटरफील्ड याने जुलै १८६२ मध्ये व्हर्जिनियातील हॅरिसन्स लँडिंगच्या तळावर दिले. मोहिमेवर असताना दोघा शिपायांनी आपापले कापड गुंड्यांनी जोडून उभारलेली बुटकी राहुटी, आणि हिवाळा आला की ओंडक्यांची, मातीने लिंपलेली झोपडी, एवढाच त्यांचा निवारा होता. आडगावांतून आलेल्या ज्या मुलांना बालपणी गोवर झाला नव्हता, त्यांना तो येथे गाठी. हगवण आणि विषमज्वर तर छावणीतून कधी हटलेच नाहीत.

उत्तरेच्या शिपायाच्या शिध्यात खारवलेले डुकराचे मांस, कॉफी आणि ‘हार्डटॅक’ नावाचे पीठ-पाण्याचे बिस्किट असे, आणि ते इतके टणक असे की बंदुकीच्या दस्त्याने फोडून कॉफीत भिजवल्यावाचून दातांना दाद देत नसे. दक्षिणेच्या बंदरांची आरमाराने नाकेबंदी झाल्यामुळे तिकडच्या शिपायाला मक्याच्या पिठावर आणि भाजलेल्या राय-रताळ्यांच्या काढ्यावर भागवावे लागले. १८६२–६३ च्या हिवाळ्यात रॅपाहॅनॉक नदीच्या दोन तीरांवर समोरासमोर पहाऱ्यावर असलेले शिपाई चिमुकल्या होड्या पाण्यात सोडून दक्षिणेची तंबाखू आणि उत्तरेची कॉफी यांची अदलाबदल करीत; वरिष्ठांची मनाई असतानाही ती चालू राहिली, यात मला त्या माणसांच्या शहाणपणाची खूण दिसते.

घर हा या सैनिकाच्या सर्व विचारांचा मध्यबिंदू होता. पलटणीतील एकेक कंपनी बहुधा एकाच गावातून वा परगण्यातून उभी राहत असल्याने बालमित्र, भाऊ आणि शेजारी यांच्यासमवेतच तो लढे; रणांगणातून पाय मागे घेतला तर ती वार्ता गावी पोहोचणार, हे तो जाणून असे. दोन्ही सैन्यांत बहुसंख्य गोरे शिपाई साक्षर होते, त्यांच्या पत्रांवर नियमित तपासणी नव्हती, आणि उत्तरेत १८६१ पासून शिपायाला तिकिटावाचून पत्र टाकण्याची मुभा होती. हशील घरच्यांनी भरावयाचे. दक्षिणेत कागदाची एवढी टंचाई झाली की भिंतीला चिकटवण्याच्या नक्षीदार कागदाच्या पाठीवरही मजकूर लिहिला जाई. या पत्रांत लढाईपेक्षा पेरणी, गाय विकावी की ठेवावी, मुलाचे दात, पगार का रखडला, अशा गोष्टींनाच जागा अधिक. रणभूमीवरून संसार चालवण्याचा तो प्रयत्न होता. गृहविरहाची व्यथा उत्तरेच्या लष्करी वैद्यांनी रोग म्हणूनच नोंदवली आहे, आणि त्यांच्या दप्तरात अशा पाच हजारांवर रुग्णांची व काही मृत्यूंचीही नोंद आढळते.

शिपायाच्या गळ्यात ओळखीचा सरकारी बिल्ला नसण्याच्या त्या काळात जुलै १८६३ मध्ये गेटिसबर्गच्या लढाईत पडलेला उत्तरेचा एक सार्जंट केवळ त्याच्या हातातील तीन मुलांच्या काचेवरील छायाचित्रामुळे ओळखला गेला. वृत्तपत्रांना छायाचित्र छापता येत नसल्याने त्यांनी मुलांच्या चेहऱ्यांचे व कपड्यांचे शब्दांत वर्णन दिले, आणि ते न्यूयॉर्क राज्यातील पोर्टव्हिल या गावी पोहोचल्यावर तो १५४ व्या न्यूयॉर्क पलटणीचा एमोस ह्यूमिस्टन असल्याचे निश्चित झाले. पुढे गेटिसबर्ग येथेच सैनिकांच्या पोरक्या मुलांसाठी अनाथाश्रम निघाला.

ज्या घराने शिपायाला मोर्चावर टिकवून धरले, त्याच घराने त्याला मागेही ओढले. १८६४ च्या उत्तरार्धात जॉर्जिया आणि पुढे कॅरोलायनांतून उत्तरेचा सेनापती शेरमन याची फौज सरकू लागली, तेव्हा उपासमारीने गांजलेल्या स्त्रियांची पत्रे वाचून दक्षिणेचे शिपाई रात्री खंदक सोडून चालू लागले. लष्करी कायद्याने ते फरारी. परंतु पोरांच्या तोंडी घास पडावा म्हणून परतलेल्या बापाला भेकड म्हणावयास माझी लेखणी धजत नाही.

संघराज्याच्या सैन्यात भरती झालेल्या सुमारे १,८०,००० कृष्णवर्णीय सैनिकांची गोष्ट मात्र निराळी मांडली पाहिजे. गोऱ्या शिपायाला दरमहा १३ डॉलर मिळत असता त्यांना १० डॉलर मिळत आणि त्यांतूनही कपड्यांपोटी ३ कापले जात, ५४ व्या मॅसॅच्युसेट्स पलटणीने असे वेतन घेण्याचेच नाकारले, आणि जून १८६४ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसने (संसदेने) वेतन समान केले. यांतील अनेकांचे कुटुंब दुसऱ्या कोणाच्या मालकीचे होते. गुलामगिरी कायम ठेवून संघराज्यात राहिलेल्या केंटकीमध्ये, फुटीर राज्यांतील गुलामांना मुक्त ठरवणारा दास्यमुक्तीचा जाहीरनामा लागू नव्हता. तेथील कॅम्प नेल्सन या छावणीच्या आश्रयाला आलेल्या सैनिकांच्या सुमारे चारशे बायकामुलांना नोव्हेंबर १८६४ मध्ये कडाक्याच्या थंडीत हाकलून देण्यात आले, त्यांच्या झोपड्या पाडण्यात आल्या, आणि त्यांतील शंभरावर जीव दगावले. या प्रकाराने उठलेल्या संतापातून काँग्रेसने ३ मार्च १८६५ रोजी ठराव करून कृष्णवर्णीय सैनिकांच्या बायकामुलांना मुक्त ठरवले; त्यानंतर केंटकीतील गुलाम आपले नाव पलटणीत नोंदवी, तेव्हा त्या एका नोंदीने त्याचे सारे कुटुंब कायद्याने स्वतंत्र होई.