शाळामास्तरांनी मांडलेला विजेचा हिशेब

विद्युतदाबाला विद्युतधारेने भागले की रोध मिळतो. दाबाला धारेने गुणले की शक्ती मिळते. आपल्या भागातले मूल मराठी शाळेत जावो की कानडी, हायस्कूल संपेपर्यंत हे गणित त्याच्या वहीत येतेच. ‘रोध’ हा शब्दही दोन्ही भाषांत एकच! परंतु अर्ध्या मिनिटाच्या या भागाकारासाठी एका शाळामास्तरांनी काय सोसले, ते वहीत येत नाही.

गेऑर्ग सिमॉन ओहम यांचा जन्म १६ मार्च १७८९ रोजी जर्मनीतील एर्लांगेन गावी झाला. वडील कुलपे बनवणारे कारागीर. शाळेचे शिक्षण बेताचेच. पण स्वतः अभ्यास करून ते गणित शिकले आणि गेऑर्ग व मार्टिन या दोन्ही मुलांना त्यांनी ते घरीच शिकवले. १८११ मध्ये गेऑर्ग यांनी डॉक्टरेट मिळवली, परंतु विद्यापीठात मनाजोगी जागा मिळेना. पोटासाठी शिकवण्या आणि शाळा करीत १८१७ मध्ये ते कोलोनच्या एका शाळेत गणित व पदार्थविज्ञानाचे शिक्षक झाले. तिथल्या प्रयोगशाळेत त्यांनी विजेचा नाद धरला.

व्होल्टा यांची विद्युतघटमाला १८०० पासून जगाला ठाऊक होती. विद्युतधारेने चुंबकसूची हलते, हे ओर्स्टेड यांनी १८२० मध्ये दाखवले होते. पण तारेची लांबी वाढवली तर धारा नेमकी किती घटते, याचा निश्चित हिशेब हाती नव्हता. अडचण मोजमापाची होती. त्या काळच्या घटांचा जोर प्रयोग चालू असतानाच उतरत जाई. मापच डळमळीत, मग नियम कसा सापडणार? १८२५ मध्ये ओहम यांनी प्रसिद्ध केलेले पहिले सूत्र याच कारणाने चुकले.

तेव्हा पोगेनडॉर्फ या संपादक-शास्त्रज्ञांनी त्यांना सुचवले, की घट सोडा आणि सीबेक यांनी शोधलेली उष्णतेची वीज वापरून पाहा. दोन भिन्न धातूंचे दोन सांधे वेगवेगळ्या तापमानात ठेवले की मंडळात धारा वाहू लागते. ओहम यांनी तांबे आणि बिस्मथ घेतले. एक सांधा उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात. पाणी उकळत आहे आणि बर्फ वितळत आहे तोवर दोन्ही तापमाने ढळत नाहीत, म्हणून विजेचा दाबही ढळत नाही! मग दोन इंचांपासून एकशे तीस इंचांपर्यंतच्या आठ तांब्याच्या तारा त्यांनी एकेक करून मंडळात जोडल्या आणि टांगलेल्या चुंबकसूचीवरून धारा मोजली. आकडे जुळले. मंडळाचा एकूण रोध जितक्या पटीने वाढे, तितक्याच पटीने धारा घटे. हे १८२६ साली घडले. पुढच्याच वर्षी अर्ध्या पगाराच्या रजेवर बर्लिनला राहून त्यांनी या विषयावरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला.

या ग्रंथाने विद्यापीठाचे दार उघडेल ही त्यांची आशा फोल ठरली. ग्रंथात गणित फार आणि प्रयोगांचे वर्णन थोडे. निसर्गाचे मर्म तत्त्वचिंतनाने उलगडते, असे मानणारा विद्वानांचा एक वर्ग तेव्हा जर्मनीत प्रबळ होता. पोल नावाच्या पदार्थवैज्ञानिकांनी ग्रंथावर कठोर टीका केली. निराश झालेल्या ओहम यांनी १८२८ मध्ये कोलोनची नोकरी सोडली. न्यूरेंबर्गच्या तंत्रशाळेत जागा मिळाली ती १८३३ मध्ये. लंडनच्या रॉयल सोसायटीने १८४१ मध्ये त्यांना कोप्ली पदक दिले, तेव्हा मायदेशीही किंमत कळू लागली. म्युनिक विद्यापीठात पदार्थविज्ञानाचे प्राध्यापकपद मिळाले तेव्हा १८५२ साल उजाडले होते. अवघ्या दोन वर्षांनी, ६ जुलै १८५४ रोजी, त्यांचे निधन झाले. रोधाच्या एककाला त्यांचे नाव देण्यावर १८८१ मध्ये पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने शिक्कामोर्तब केले.

शक्तीचा हिशेब पुढे इंग्लंडमधल्या जेम्स जूल यांनी पुरा केला. तारेत निर्माण होणारी उष्णता धारेच्या वर्गाच्या आणि रोधाच्या प्रमाणात असते, हे त्यांनी १८४१ मध्ये प्रसिद्ध केले. ओहम आणि जूल यांना एकत्र आणले की घरातल्या शेगडीचाही हिशेब लागतो. २३० व्होल्टवर चालणारी १००० वॅटची शेगडी सुमारे ४.३ अँपिअर धारा घेते. तिच्या कॉइलचा रोध सुमारे ५३ ओहम. आता दाब १८० वर उतरला, तर धारा ३.४ अँपिअर होते आणि शक्ती उरते ६१२ वॅट! दाब पावपटीहूनही कमी घटला, पण शक्ती दोन-पंचमांशाजवळ गेली. दाब उतरला की चहाचे आधण लवकर येत नाही, ते यामुळेच.

वीज दूरवर नेण्याचे रहस्यही इथेच आहे. दाब दहापट केला, तर तेवढीच शक्ती पोचवायला धारा दहावा भाग पुरते आणि त्याच तारेत उष्णतेने होणारी घट शंभरावा भाग होते. म्हणूनच १९०२ मध्ये कावेरीवरच्या शिवनसमुद्रची वीज सुमारे दीडशे किलोमीटरवरच्या कोलारच्या सोन्याच्या खाणींपर्यंत पोचू शकली. आज आपल्या गावांवरून जाणाऱ्या उच्चदाबाच्या तारांचा हिशेबही त्याच सूत्राने मांडला जातो.

मुलाच्या वहीत हे गणित पुन्हा दिसेल, तेव्हा उत्तर तपासण्याआधी त्याला त्या आठ तारांची, उकळत्या पाण्याची आणि बर्फाची गोष्ट जरूर सांगावी.