पान्ह्याची वाट पाहणारे यंत्र

१/ भिवंडीच्या यंत्रमागाला सूत जोडून कळ दाबली की कापड उतरू लागते. शेलारकडच्या कोणाही विणकराला विचारा. कासेला नळ्या लावल्या म्हणून दूध मात्र उतरत नाही. जनावर आधी पान्हवावे लागते. दोहनयंत्राचा सव्वाशेहून अधिक वर्षांचा इतिहास या एका अडचणीभोवती फिरतो.

२/ १८८९ साली स्कॉटलंडच्या विल्यम मर्चलंडने हवा शोषून दूध ओढणारे यंत्र बनवले. ओढ अखंड असल्याने सडांना इजा होई. १८९५ साली ग्लासगोच्या अलेक्झांडर शील्ड्सने ‘थिसल’ यंत्रात ओढ आणि विसावा आळीपाळीने आणले. वासराचे चोखणेही असेच थांबत थांबत चालते. आजच्या यंत्रांतही मिनिटाला साधारण ६० ठोके पडतात.

३/ सडांचा प्रश्न असा सुटला, तरी पान्ह्याचा उरलाच. १९४१ साली ईली आणि पीटरसन या अमेरिकी संशोधकांनी गायीच्या पाठीवर मांजर ठेवले आणि कागदी पिशव्या फोडल्या! भेदरलेल्या गायीने दूध आखडून धरले. पान्हा सोडवणारे ऑक्सिटोसिन मेंदूकडून येते आणि भीतीने त्याचे कार्य अडते, हा त्यांचा निष्कर्ष. ‘म्हैस दूध चोरते’ असे आपले गवळी म्हणत, ते हेच.

४/ आता कटू भाग. मुंबईच्या तबेल्यांत रेडकाला दूध पाजणे धंद्याला परवडत नसे. रेडकू दगावे आणि म्हैस दूध चोरी. मग मेलेल्या रेडकाच्या कातड्यात पेंढा भरून ते तिच्यापुढे धरण्याची युक्ती निघाली. १९४९ साली आरे वसाहत उभी राहिली, शहरातल्या म्हशी तेथे हलू लागल्या. जागा पालटली, पान्ह्याचा नियम तोच राहिला. १९५३ साली विन्सेंट दु विन्यो यांनी ऑक्सिटोसिन प्रयोगशाळेत घडवले आणि १९५५ चे नोबेल मिळवले. तेच द्रव्य पुढे सुईतून म्हशींना टोचले जाऊ लागले. हा गैरवापर रोखण्यासाठी केंद्राने २०१८ साली खासगी उत्पादनावर बंदी घातली. डिसेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती रद्द केली.

५/ १९९२ साली नेदरलँड्समध्ये दूध काढणारा यंत्रमानव गोठ्यात आला. खुराकाच्या ओढीने गाय आपण होऊन त्याच्याकडे येते. तो सड पुसतो, चेतवतो, मग नळ्या लावतो. जो सड रिता होईल त्याची नळी आधी सुटते. एक यंत्र साधारण ६० गायी सांभाळते. हात वेगाने चालवून ही संख्या फारशी वाढत नाही. पान्ह्याआधी नळी न लावणे आणि फार लवकर परतलेल्या गायीला माघारी धाडणे, खरी बचत यात आहे. म्हशीच्या कासेत तर सडालगतच्या पोकळीत दूध अगदी थोडे साठते, म्हणून तिच्यासाठी थांबणे अधिक. तरीही इटलीत म्हशींचे गोठे या यंत्रावर चालू लागले आहेत.

६/ म्हणजे यंत्रमानवाला हवे कसले जनावर? दिवसातून अनेकदा, अनोळखी जागीही, चटकन पान्हवणारे. असे जनावर कोल्हापूरच्या गवळ्यांनी केव्हाच निवडून ठेवले होते. तलवारीसारख्या लांब शिंगांची पंढरपुरी म्हैस ते दारोदार नेत आणि गिऱ्हाइकाच्या उंबऱ्याशी, त्याच्या भांड्यात, हवी तेवढीच धार काढून पुढच्या दाराकडे वळत. गंगावेशच्या दूध कट्ट्यावर अशी धारोष्ण दुधाची परंपरा अजून टिकून आहे.